संश्लेषित डॉलर

संश्लेषित डॉलर : प्रत्यक्ष अमेरिकी डॉलर किंवा डॉलरमधील बँकठेव जवळ न बाळगता, अन्य मत्ता व तिच्यावरील वायद्याचे करार यांची सांगड घालून डॉलरइतके मूल्य राखणारे जे देणे निर्माण केले जाते, त्यास संश्लेषित डॉलर म्हणतात. अशा डॉलरच्या धारकाला डॉलरचा भाव मिळतो, डॉलर मिळत नाही. हा भेद बारीक वाटला, तरी व्यवहारात नफ्यातोट्याचा व कधीकधी मुद्दल बुडण्याचाही प्रश्न त्यावरच अवलंबून असतो. संगणक-जालावर नोंदल्या जाणाऱ्या आभासी चलनांमध्ये डॉलरशी भाव जुळवून ठेवणाऱ्या नाण्यांना ‘स्टेबलकॉइन’ म्हणजे स्थिरमूल्य नाणी ही संज्ञा आहे. त्यांपैकी ज्यांच्या पाठीशी रोख डॉलर वा अमेरिकी सरकारचे रोखे नसून वायद्यांनी तोललेली मत्ता असते, त्यांना २०२४ पासून ‘सिंथेटिक डॉलर’ हे नाव रूढ झाले. प्रस्तुत नोंदीत रुपयाचे अशा डॉलरमध्ये रूपांतर कसे होते, त्याला खर्च किती पडतो व त्यातील हमी कोणाची असते, यांचा विचार मुख्यतः मुंबई व तिची उपनगरे यांच्या संदर्भात केला आहे.

रुपयाऐवजी डॉलरच्या मूल्यात बचत ठेवावी, ही इच्छा नवी नाही. ६ जून १९६६ रोजी झालेल्या अवमूल्यनाने डॉलरचा दर ४·७६ रुपयांवरून ७·५० रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. अंधेरीच्या सीप्झ या १९७३ साली स्थापन झालेल्या निर्यातक्षेत्रातील कारखानदाराला, परदेशी ग्राहकांसाठी घरबसल्या संगणकाचे काम करणाऱ्या बोरिवलीच्या तरुणाला किंवा मुलीच्या परदेशातील शिक्षणासाठी पैसा साठविणाऱ्या मुलुंड-घाटकोपरच्या कुटुंबाला या घसरणीची झळ वेगवेगळ्या रीतीने लागते. तिच्यापासून संरक्षण मिळविण्याचे सरळ मार्ग कायद्याने आखून दिलेले आहेत. निर्यातदार आपल्या मिळकतीचा भाग परकीय चलनाच्या खात्यात ठेवू शकतो. निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या २००४ साली सुरू झालेल्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. या मार्गांनी मिळणारा डॉलर खरा असतो. मात्र त्यासाठी बँकेची कागदपत्रे, कारण व ओळख यांची पूर्तता करावी लागते.

वायद्यातून डॉलर : आभासी नाण्यांच्या आधीही संश्लेषित डॉलर मुंबईत सर्रास वापरात होता, त्याला ते नाव नव्हते एवढेच. आयातदार बँकेशी सहा महिन्यांनंतरच्या खरेदीचा दर आज ठरवितो, तेव्हा हातात रुपये असूनही हुंडणावळीच्या दृष्टीने तो डॉलरधारकच झालेला असतो. सिंगापूर, हाँगकाँग व लंडन येथे तर रुपयाचे असे वायदे होतात की ज्यांत रुपया हातोहात दिलाच जात नाही. मुदत संपताच ठरलेला दर व त्या दिवशीचा दर यांतील फरक डॉलरमध्ये चुकता केला जातो.

सर्वसामान्य गुंतवणूकदाराला हा मार्ग २००८ मध्ये खुला झाला. राष्ट्रीय शेअर बाजाराने २९ ऑगस्ट रोजी डॉलर-रुपयाचे वायदे सुरू केले व त्यापाठोपाठ ७ ऑक्टोबरला एमसीएक्स-एसएक्स हा नवा विनिमयबाजार त्यात उतरला. अंधेरी पूर्वेला चकाला भागातील ‘एक्स्चेंज स्क्वेअर’ या इमारतीतून त्याचा कारभार चाले. प्रत्येक करार १,००० डॉलरचा असे. खरेदीदाराने त्याच्या किमतीचा अल्पसा भाग अनामत म्हणून भरावयाचा आणि डॉलर वधारल्यास फरक रुपयांत घ्यावयाचा, घसरल्यास भरावयाचा, अशी रीत होती. हिशेब रिझर्व्ह बँकेच्या संदर्भदराने होई. एकही डॉलर कोणाच्या हाती पडत नसे. तरी करारपूर्तीची हमी समाशोधन महामंडळ घेई व त्यावर नियामकांची देखरेख असे.

रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की, ज्याला परकीय चलनातील देण्याघेण्याची खरीखुरी जोखीम आहे त्यालाच असे वायदे करता येतील. कागदपत्रे दाखविण्यापासून दहा कोटी डॉलरपर्यंत सूट असली, तरी जोखीम असण्यापासून सूट नाही. ३ मे २०२४ पासून याची अंमलबजावणी होताच विनिमयबाजारांतील या वायद्यांची उलाढाल झपाट्याने आटली. सट्टेबाजीला आळा बसला हे खरे. परंतु आपली बचत रुपयाच्या घसरणीपासून वाचवू पाहणाऱ्या लहान माणसाचे, हमी व देखरेख असलेले एक दारही त्याबरोबर बंद झाले. नाण्यांच्या रूपातील डॉलरचे आकर्षण वाढण्याच्या कारणांत याची गणना करावयास हवी.

स्थिरमूल्य नाण्यांचे प्रकार : सर्वांत मोठा प्रकार तारणाधिष्ठित नाण्यांचा. २०१४ मध्ये निघालेले टेथर हे त्याचे प्रमुख उदाहरण होय. नाणे काढणारी संस्था घेतलेल्या डॉलरच्या बदल्यात नाणी देते व तो डॉलर मुख्यतः अमेरिकी सरकारच्या अल्पमुदती रोख्यांत गुंतविते. दुसऱ्या प्रकारात, उदा., डिसेंबर २०१७ मधील ‘दाई’ या नाण्यात, मूळच्या रचनेनुसार दीडशे डॉलरचे इथर हे आभासी चलन तारण ठेवून शंभर डॉलरपर्यंत नाणी कर्जाऊ निर्माण करता येत. तिसऱ्या प्रकारात तारण नसतेच. केवळ जुळ्या नाण्याची अदलाबदल करून भाव राखण्याची योजना असते. टेरा हे नाणे या जातीचे. त्यावर वीस टक्क्यांच्या आसपास व्याजाचे आमिष होते. मे २०२२ मध्ये काही दिवसांत त्याचे मूल्य नाहीसे झाले. संश्लेषित डॉलर या तिघांहून वेगळा आहे. त्याला तारण असते, पण ते तारण डॉलरमध्ये नसते.

घडण : फेब्रुवारी २०२४ मध्ये एथीना या संस्थेने सुरू केलेले यूएसडीई हे नाणे या प्रकारात अग्रेसर आहे. समजा, एक इथर ३,००० डॉलरला मिळते. संस्था एक इथर विकत घेते व त्याच वेळी वायदेबाजारात एक इथर विकून ठेवते. भाव २,००० वर आला, तर जवळच्या इथरवर हजार डॉलर बुडतात व विकलेल्या वायद्यावर हजार डॉलर मिळतात. भाव ४,००० झाला, तर उलट घडते. दोन्हींची बेरीज नेहमी ३,००० डॉलर. या बेरजेच्या आधारावर ३,००० नाणी काढली जातात.

येथे वापरला जाणारा वायदा मुदतीचा नसतो. न संपणाऱ्या वायद्याची कल्पना अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९९० नंतरच्या वर्षांत मांडली व आभासी चलनांत ती २०१६ मध्ये प्रत्यक्षात आली. मुदत नसल्याने वायद्याचा भाव रोखीच्या भावापासून दूर जाऊ नये म्हणून, बहुधा दर आठ तासांनी, एक आकार वसूल केला जातो. खरेदीदारांची गर्दी असेल, तर ते विक्रेत्यांना आकार देतात. विक्रेत्यांची गर्दी असेल, तर विक्रेते देतात. संश्लेषित डॉलर काढणारी संस्था कायमची विक्रेती असल्याने, तेजीच्या काळात हा आकार तिला मिळत राहतो आणि नाण्यावर दिला जाणारा परतावा मुख्यतः त्यातून येतो.

मुंबईच्या जुन्या वाचकाला यात काही अनोळखी वाटू नये. दलाल स्ट्रीटवर पिढ्यानपिढ्या चाललेला बदला तो हाच. सौदापूर्तीच्या वेळी ज्या तेजीवाल्याकडे पैसे नसत, त्याच्या वतीने बदला-भांडवलदार पैसे भरून शेअर घेई व तेच शेअर पुढच्या सौदापूर्तीसाठी चढ्या भावाने त्यालाच विकून ठेवी. खरेदी रोखीने, विक्री वायद्याने. शेअर चढो वा उतरो, भांडवलदाराला दोन भावांतील फरक तेवढा मिळे. हा दर शनिवारच्या बदला-सत्रात ठरे. शेअरमधून त्याने व्याज देणारा रुपयाच घडविलेला असे. बाजारात शेअरचा तुटवडा पडून मंदीवाल्यांची कोंडी झाली की, तेच उलट आकार देत; त्याला ‘उंधा बदला’ म्हणत. उपनगरांतील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी दलालांमार्फत बदल्यात पैसे लावले होते व बँकेच्या ठेवीपेक्षा बरे व्याज मिळते, अशीच त्यामागची समजूत होती. वस्तुतः ते ठेवीचे व्याज नव्हते. सट्टेबाजाच्या उत्साहाचे ते भाडे होते, आणि देणारा दलाल उभा असेपर्यंतच ते मिळे. २ जुलै २००१ पासून भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबीने) बदला बंद केला. संश्लेषित डॉलरवरील परतावा हा याच जातीचा असून, त्याला ‘व्याज’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. मंदीत तो शून्यावर येतो आणि उंधा बदला सुरू झाल्यास संस्थेला तो आपल्या राखीव निधीतून भरावा लागतो. [⟶ वायदेबाजार].

रुपयाचे रूपांतर : भारतात रुपये देऊन संश्लेषित डॉलर घेण्याची वाट बहुधा दोन टप्प्यांची असते. प्रथम देशी विनिमयगृहावर रुपये जमा करून टेथरसारखे तारणाधिष्ठित नाणे घ्यावयाचे; मग ते देऊन संश्लेषित नाणे घ्यावयाचे. पहिल्या टप्प्यात बहुतेकदा अधिमूल्य द्यावे लागते. भारतात या नाण्यांना मागणी असते व परदेशातून ती आणण्याचा राजमार्ग बँकांनी खुला ठेवलेला नाही. प्रेषण योजनेखाली पैसे पाठविताना, रक्कम आभासी चलनासाठी नाही, असे निवेदन अनेक बँका ग्राहकाकडून घेतात. त्यामुळे नाण्याचा रुपयांतील भाव बँकेतील डॉलरच्या दरापेक्षा सामान्यतः वरचढ राहतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बँकेचा दर ८८ रुपये व नाण्याचा भाव ९१ रुपये असताना एक लाख रुपयांत सु. १,०९९ नाणी येतात. बँकेच्या दराने त्यांचे मोल ९६,७०० रुपयांच्या आसपास भरते. वर्षाने बँकेचा दर ९० रुपये झाला, पण अधिमूल्य घटून नाणे ९१ रुपयांनाच विकले जात असेल, तर डॉलर सव्वादोन टक्के वधारूनही धारकाच्या पदरात काहीच पडत नाही. अधिमूल्य कायम राहून नाणे ९३ रुपयांना विकले गेले, तर सु. २,२०० रुपये नफा दिसतो. वित्त अधिनियम, २०२२ अन्वये आभासी डिजिटल मत्तेच्या हस्तांतरणावरील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर लागू झाला. त्यात खरेदीची किंमत सोडून अन्य खर्चाची वजावट नाही व एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणजे २,२०० रुपयांतून सु. ६८६ रुपये करात जातात. रुपया घसरला हाच येथे करपात्र ‘नफा’ होय, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याशिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का कर उगमस्थानी कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जात असला, तरी तोवर पैसा अडकतो. नाण्याच्या बदल्यात नाणे घेणे हेही कायद्याने हस्तांतरणच आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्यात, रुपयाचे दर्शनही न होता, ही कपात पुन्हा होते व १,०९९ पैकी सु. ११ नाणी त्यात जातात. परदेशी विनिमयगृहावर कपात झाली नाही, तरी कराचे दायित्व सुटत नाही.

व्यक्तिव्यवहार : विनिमयगृह केवळ मध्यस्थ राहून एका व्यक्तीची नाणी दुसरीला देते व रुपये परस्पर बँकखात्यांतून फिरतात, अशी दुसरी रीत आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने आभासी चलनांच्या व्यवहारांना बँकसेवा देण्यास मनाई केली, तेव्हा ही रीत फोफावली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्दबातल ठरविले, तरी रीत टिकून राहिली.

तिच्यातील धोका भावाचा नसून पैशाच्या उगमाचा आहे. कोण्या परप्रांतातील माणसाला फसवून लुटलेली रक्कम दोनचार खात्यांतून फिरून नाणी विकत घेण्यासाठी वापरली जाते, आणि ज्याने प्रामाणिकपणे नाणी विकली त्याच्या खात्यात ती येऊन पडते. तक्रारीचा माग काढीत पोलीस त्या खात्यापर्यंत पोहोचतात व बँकेला ते गोठविण्यास सांगतात. खातेदार मुलुंडचा, तक्रार दुसऱ्याच राज्यातील. पगार, घराचा हप्ता, वीजबिल सर्व त्याच खात्यावर असते. नाण्याचे मूल्य या काळात डॉलरला घट्ट चिकटून असूनही, ते विकून आलेला रुपया मात्र वापरता येत नाही. स्थिरमूल्य या शब्दाचे आश्वासन नाण्याच्या डॉलरकडील बाजूपुरतेच असते; रुपयाकडील बाजूला ते लागू पडत नाही.

ताबा व हमी : नाणे विनिमयगृहाकडेच ठेवले, तर धारकाचे भवितव्य त्या गृहाच्या सुरक्षिततेशी बांधले जाते. मुंबईतून कारभार चालविणाऱ्या वझीरएक्स या विनिमयगृहाच्या एका संचयकोशातून १८ जुलै २०२४ रोजी सु. २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. नाणी काढून घेणे थांबविण्यात आले व सिंगापूरच्या न्यायालयापुढे पुनर्रचनेची योजना मांडली गेली. तीत तोटा सर्व प्रकारच्या नाण्यांच्या धारकांत वाटला गेला; ज्यांच्याजवळ केवळ डॉलरशी बांधलेली नाणी होती, ते यातून सुटले नाहीत. व्यवहार पुन्हा सुरू व्हावयास ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या पंधरा महिन्यांत ज्यांना शिक्षणशुल्क भरावयाचे होते त्यांना, भाव स्थिर आहे, या वस्तुस्थितीचा काडीचा उपयोग नव्हता. याउलट, मुंबईतीलच कॉइनडीसीएक्स या गृहावर जुलै २०२५ मध्ये सु. ४·४ कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा ती भरपाई संस्थेने स्वतःच्या निधीतून केली. बँकठेवींना ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण असते. नाण्यांना तसे काही नाही, त्यामुळे तोटा कोण सोसणार हे त्या त्या संस्थेच्या ऐपतीवर व इच्छेवर ठरते.

संश्लेषित नाण्याची स्वतःची कसोटी १० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री लागली. अमेरिकेने चिनी मालावर वाढीव जकातीची घोषणा करताच आभासी चलनांचे भाव कोसळले व १,९०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे उसनवारीचे सौदे सक्तीने मोडले गेले. बायनान्स या मोठ्या विनिमयगृहावर यूएसडीईचा भाव काही काळ ६५ सेंटपर्यंत उतरला. अन्य बाजारांत तो डॉलरच्या निकट होता व संस्थेकडील परतफेडही चालू होती. म्हणजे यंत्रणा मोडली नव्हती. पण जे नाणे तारण ठेवून कर्ज काढले होते, त्याचा त्या एका बाजारातील भाव पडल्याने अनेकांचे सौदे बुडाले. बायनान्सने पुढे बाधितांना भरपाई दिली. त्या महिन्याच्या आरंभी १,४०० कोटी डॉलरवर गेलेला या नाण्याचा पुरवठा वर्षअखेर निम्म्याहूनही खाली आला.

येथे एक बाब सहसा नजरेआड होते. संस्थेकडून थेट परतफेड घेण्याचा हक्क ओळखतपासणी झालेल्या काही मोजक्या व्यापाऱ्यांनाच असतो. अंधेरीतील धारकाला आपले नाणे बाजारातच विकावे लागते, आणि परतावा मिळावा म्हणून ते गुंतवून ठेवले असेल, तर आधी सात दिवस थांबावे लागते. डॉलरचा भाव त्याच्यापर्यंत पोहोचतो तो त्या व्यापाऱ्यांच्या नफ्याच्या ओढीने. ही ओढ एरवी पुरेशी असते. घबराटीच्या तासांत मात्र ती आटते.

कायदा : अमेरिकेच्या जुलै २०२५ मधील ‘जीनियस’ अधिनियमाने भरणासाधन म्हणून वापरावयाच्या स्थिरमूल्य नाण्यांमागे रोख डॉलर, अल्पमुदती सरकारी रोखे व तत्सम मत्ता पूर्णांशाने असाव्यात, असे बंधन घातले व त्यांवर काढणाऱ्या संस्थेने व्याज देण्यास मनाई केली. वायद्यांनी तोललेला संश्लेषित डॉलर या व्याख्येत बसत नाही. भारतात ७ मार्च २०२३ पासून विनिमयगृहांना काळ्या पैशाच्या प्रतिबंधाचा कायदा लागू असून, त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी संशयास्पद व्यवहार कळविण्यापुरती आहे. ती ग्राहकाच्या पैशाची हमी नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आभासी चलन ही न्यासरूपाने धारण करता येण्याजोगी मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. रिझर्व्ह बँकेची भूमिका मात्र कडक आहे : डॉलरशी बांधलेली नाणी देशात रुळली, तर बचत व देवघेव रुपयापासून दूर जाईल आणि चलनविषयक धोरणाची पकड ढिली होईल, असे ती वेळोवेळी सांगत आली आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर येथे तिने प्रायोगिक तत्त्वावर डिजिटल रुपया सर्वसामान्यांसाठी चालू केला. तो वैध चलन आहे. त्यावर व्याज नाही आणि डॉलरच्या दरातील चढउतारापासून संरक्षणही नाही.